न चढलेली मिरी

तीर्थस्वरूप चाक्कोमामांना वर्कीची येशूस्तुती. तुमचा खोकला, मामींची कंबर आणि बदकं, सगळं ठीक असावं. (बदकांची चौकशी रीत म्हणून. त्यांना राखायला परत यायची इच्छा नाही.)

टायरचं दुकान सोडलं, होडी सोडली, पण इडुक्कीच्या डोंगरात मालक पैलीचेट्टनच्या मिरीच्या मळ्यात मी टिकलोय. आता मिरीतलं मला विचारा. तिकडे कुट्टनाडात आपण काळी मिरी नि पांढरी मिरी वेगळ्या झाडांची समजायचो. अहो, वेल एकच. हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळी, पिकलेले भिजवून साल काढली की पांढरी. जातींचं म्हणाल तर करीमुंडा सावलीतही इमानदार, पन्नियूर मात्र सावलीत रुसते (आपल्या मामींसारखी, हे वाचून दाखवू नका). खोकल्यावर मिरी-गुळाची कॉफी घ्या, घसा मोकळा होतो.

तर झालं असं. पावसाच्या तोंडावर मालकांनी मला रोपांसाठी फाटे कापायला धाडलं. म्हणाले, बुंध्याशी जमिनीवर पसरलेले काप. मी म्हटलं, ज्यांना दाणाच लागत नाही ते लावून काय मिळणार? शिडीवर चढलो नि घोस धरणाऱ्या फांद्या कापून आणल्या. इतरांच्या वेली आधाराच्या पांगाऱ्याच्या झाडाला धरून वर निघाल्या. माझी रोपं पांगाऱ्याकडे पाठ करून जमिनीवरच झुडपासारखी फुगली.

"वर्की, मिरी लावलीस की कोबी?" मालक म्हणाले. "गाठोडं बांध आणि बदकांकडे जा."

पण त्यांच्या मुलीनं, ट्रीसानं, ती झुडपं उपटून स्वयंपाकघराच्या दाराशी कुंड्यांत लावली. वेली अजून चढतायत, तोवर कुंड्यांत घोस लोंबले. कालवणाला मिरी हवी की हात बाहेर काढायचा, शिडी नको. शेजारणी रोपं मागायला येतात आणि मालक "आमच्या वर्कीची झुडपं" म्हणून मिरवतात. (शेतकी खात्याचा माणूस म्हणाला, ही युक्ती जुनीच आहे. असेल. मला कुणी सांगितली नव्हती.)

ट्रीसा म्हणते, "वेली वर जाऊन दिसेनाशा होतात. हे येडं दाराशी तरी राहतं."

"झुडपाला म्हणतेस ना?" मी विचारलं.

"मिरी तोड," ती म्हणाली.

तुमचा अभिमानी भाचा,
वर्की

ता.क. रविवारची प्रार्थना आटोपून इकडे या, ट्रीसाला मागणी घालायला. मालक एकच विचारतील, पोरगा टिकेल का? टायर नि होडीचं नाव काढू नका.

ता.क. येताना एक बदक आणा. मिरी माझ्या कुंडीतली.

ता.क. ट्रीसाला अजून विचारलेलं नाही. बदक जरा मोठंच आणा.