बसेन तर तिच्यातच

१८ ऑगस्ट, सोमवार

आज परत तोच तमाशा. अंबडच्या डॉक्टरनं सांगितलं, आण्णांच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद होत आल्यात, संभाजीनगरला न्या, दिवाळीच्या पुढं ढकलू नका. म्हणून बापू पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आल्ता. आण्णा दारातल्या खाटेवर बसले ते बसलेच. बापूनं आधी विनवण्या केल्या, मंग चिडला, मंग रडायला लागला. चाळिशीचा माझा भाऊ, रस्त्यावरची माणसं बघून राह्यलीत आणि हा रडून राह्यलाय.

शेवटी आण्णा उठले, आईच्या फोटोवर हात ठेवला. म्हणले, "बसेन तर त्या टू-सीटरमध्ये. दुसऱ्या कुठल्याच गाडीत पाय ठेवणार न्हाई. तुमच्या आईची शपथ."

टू-सीटर म्हंजे शेडमागं ताडपत्रीखाली पडलेली लाल गाडी. जालन्याच्या एका शेठची शौकाची, बिलायती. इंजन जाम झालं तसं शेठनं टाकून दिली, आण्णांनी ओढून आणली. आईला हिच्यात बसवून पैठणला नेतो म्हणले होते. मी शाळेत होते तेव्हा. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या पाण्याच्या पंपांची गिऱ्हाइकं काही सरली न्हाईत आणि गाडीला हात लागला न्हाई. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत्यात.

बापू म्हणला, सरळ 'जात न्हाई' म्हणा ना मंग. आणि गेला पुण्याला निघून.

मी म्हणलं, ठीक आहे आण्णा, मी बसवते इंजन. शब्द फिरवायचा न्हाई.

आण्णा हसले. हसू देत.

२२ ऑगस्ट, पोळा

लिंबाच्या फांदीला चेन-पुली टांगून इंजन बाहेर काढलं. रस्त्यानं बैलं सजून चाललेली, ढोल वाजून राह्यलेला, आणि माझ्या हातात कोंबड्यांची घाण. एका बैलाच्या गळ्यातली झेंडूची माळ कुणीतरी काढून इंजनावर टाकली. टवाळ मेले.

आण्णा खाटेवरून बघत होते. फांदी करकरली तेव्हा तेवढं ओरडले, खालून सरक म्हणून. ओरडल्यावर छाती दाबून बसले. जिभेखालची गोळी दिली.

२९ ऑगस्ट

पिष्टन चारही चिकटलेले. डिझेल ओतून ठेवलं होतं. लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकले, दोन निघाले. खांद्यातून जीव चाललाय.

ट्रकवाले चहाचा गिलास घेऊन फाटकाशी उभे राहत्यात. बाईमाणूस गाडीचं इंजन खोलून राह्यली. अरे, पंपाचं इंजन खोलते तेव्हा कुणी बघत न्हाई. तिकीट लावायला पायजे.

३ सप्टेंबर

चारही निघाले. पिष्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंगचे दांडे काढले. प्रत्येक दांड्याची खालची कॅप त्याचीच असती, अदलाबदल झाली की क्रँक फिरत न्हाई. पंपाला एकच दांडा असतो, इथं चार. आईच्या शिलाईच्या डब्यातला दोरा घेतला. लाल, हिरवा, पिवळा, निळा. कॅप दांड्याला बांधून ठेवली.

आण्णांना दाखवलं. मान हलवली नुसती.

९ सप्टेंबर

बापूचा फोन. म्हणला, ताई, तू पण त्यांच्या येडेपणात सामील झालीस. म्हणलं, तू ये आणि उचलून टाक त्यांना गाडीत. म्हणला, शपथ घेतलीय त्यांनी. बघा. शपथ ह्यालाही मोडायची न्हाई आणि मलाच अक्कल शिकवायची.

खरं सांगायचं तर मला पण मोडवत न्हाई. आईच्या नावाची आहे.

दुकान, खाट, शेड. शेड, खाट, दुकान. हायवे दारातून जातो, दिवसभर लोक कुठं कुठं जात्यात, आणि आम्ही दोघं फाटकाच्या बाहेर न्हाई. ते शपथेमुळं, मी त्यांच्यामुळं. कधी कधी वाटतं सगळे पाने गोदावरीत फेकावे आणि पहिल्या येईल त्या ट्रकात बसावं.

१७ सप्टेंबर

इंजनाचा ब्लॉक घेऊन जालन्याला गेल्ते. मुक्तिसंग्राम दिन, लेथवाला झेंड्याला गेलेला. माझ्या ध्यानातच न्हाई आलं. दुपारपर्यंत ब्लॉक मांडीजवळ घेऊन त्याच्या पायरीवर बसले. आल्यावर म्हणला, बोअर करून देतो, भोकं घासून सारखी करतो, पिष्टन दुसऱ्या गाडीचे बसतील, थोडे घासावे लागतील.

घरी आले तर शेजारची रुक्साना भाभी रडकुंडीला. आण्णांना दुखलं, घामाघूम झाले, भाभीला म्हणले मंगलला सांगू नको. भाभी म्हणली, "मैं नहीं छुपाती. कल कुछ हो गया तो तू मेरा मुँह देखेगी क्या?" तिला जवळ घेतलं. मंग आत जाऊन आण्णांना लै बोलले. बोलायला नको होतं.

२५ सप्टेंबर

बोअर होऊन आलं. आज पिष्टनवर रिंगा चढवल्या. आण्णा काठी टेकत शेडमध्ये आले, वाकून बघितलं, म्हणले, "तोंडं एका रेषेत आली रिंगांची, दाब गळंल. काढ." काढल्या. परत चढवल्या. मंग तिथंच डब्यावर बसले आणि झडपांचे वॉल घासून दिले. चारच. हात थरथरत्यात पण वॉल बसला असा की रॉकेल ओतलं तरी थेंब गळत न्हाई.

त्यांना माहीत आहे, एकेक काम झालं की दवाखाना जवळ येतो. तरी खराब काम बघवत न्हाई. मला हसू आलं.

मी सासर सोडून आले तेव्हा ह्याच शेडमध्ये आले होते पिशवी घेऊन. काय झालं, का झालं, एक शब्द विचारला न्हाई त्यांनी. बारा-तेराचा पाना दिला हातात आणि म्हणले, हे नट ढिले कर.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा. आज पान्याला हात लावायचा न्हाई. मी सकाळी दळण घेऊन गेल्ते. येऊन बघते तर आण्णांनी सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं. पाने, हातोडे, क्रँक. आणि दांडे. हळदकुंकू, झेंडू, नारळ. कॅपा वेगळ्या, ओळीत, एकसारख्या. दोरे कचऱ्यात.

विचारलं, दोरे का काढले? म्हणले, "चिंध्या बांधून कुणी पूजा करतं का?"

आरती म्हणली मी. काय म्हणली मलाच माहीत न्हाई.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला माणसं येऊन जाऊन राह्यलीत. मी शेडमध्ये. अंदाजानं कॅपा बसवल्या, आवळल्या, क्रँक फिरवला. जाम. बदलून बघितल्या. परत जाम. प्रत्येक कॅप प्रत्येक दांड्याला लावून बघायची, उलट-सुलट. डोकं फुटायची वेळ.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई. आण्णांचा पहिला नियम, कुठलाही भाग काढला की पंच ठोकून खूण मारायची, पुसणार न्हाई अशी. दोरा बघून ते मला शिव्या घालायला पायजे होते. त्या दिवशी नुसती मान हलवली त्यांनी. मला तेव्हाच कळायला पायजे होतं.

४ ऑक्टोबर

आज विचारलंच. जेवण वाढलं, समोर बसले आणि विचारलं, "मुद्दाम केलं ना आण्णा?"

घास खाली ठेवला. म्हणले, "हो."

मला वाटलं होतं न्हाई म्हणतील, मंग मला भांडता येईल.

म्हणले, "तुझी आई त्या दवाखान्यातून आली न्हाई मंगल. चालत गेल्ती ती आत. पदर सावरत, चालत गेल्ती."

मी म्हणलं, "मंग मी काय करू? तुम्ही असे खाटेवर बसून राहणार, आणि मी रोज सकाळी उठून आधी तुमची छाती हलती का बघणार. असंच करत राहू का?"

आण्णांचं ताट तसंच राह्यलं. मी पण जेवले न्हाई. कुत्र्याची चंगळ.

७ ऑक्टोबर

तीन दिवस शेडकडं फिरकले न्हाई. दोन मोटरा वायंडिंगला आल्या होत्या, त्याच करत बसले.

आज दुपारी शेडमधून आवाज आला. बघते तर आण्णा डब्यावर बसलेले, मांडीवर दांडा, त्याला कॅप लावलेली. आतल्या सांध्यावरून नख फिरवायचे, जिथं नख अडेल ती बाजूला. अडलं न्हाई ती त्या दांड्यापाशी. दिवस कलेपर्यंत चार जोड्या लावल्या. माझ्याकडं न बघता पंच मागितला. खुणा मारल्या, एक, दोन, तीन, चार.

आवळलं. क्रँक एका हातानं फिरला.

"तेल लाव नीट," एवढंच म्हणले. मी आत जाऊन चहा टाकला.

११ ऑक्टोबर, शनिवार

चालू झालं!!

टायर-ब्रेक नीट करून काल इंजन गाडीत चढवलं, आज ट्रॅक्टरची बॅटरी लावली. आधी फटफट, मंग धूर, मंग एकदम लागलं. रुक्साना भाभी नमाज सोडून आली का काय कोण जाणे, पळत आली. कोंबड्या पांगल्या. बापूला फोनवर ऐकवलं, तिकडं नुसता नाक ओढून राह्यला.

आण्णा कान देऊन उभे होते. सगळ्यांचं हसून झाल्यावर म्हणले, वॉलच्या वरचं टॅपेट वाजून राह्यलंय.

१२ ऑक्टोबर

सकाळपासून टॅपेट टॅपेट. तिसऱ्या सिलिंडरला टिकटिक आहे म्हणे. झाकण काढून गेजनं फटीचं माप घेतलं. बराबर. परत मोजलं. बिलकुल बराबर. मोठा पाना कानाला लावून, दुसरं टोक इंजनावर टेकवून ऐकलं. काही न्हाई.

म्हणलं, आण्णा, काही वाजत न्हाई. उद्या सोमवार आहे. उद्या जायचं.

म्हणले, अर्ध्या वाटेत बंद पडली तर? म्हणलं, पडू द्या. मी आहे ना. पाने घेते सोबत.

म्हणले, बघू.

बघू म्हंजे न्हाई, हे लहानपणापासून माहीत आहे मला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आण्णा आपणहून बाहेर आले. मी फाईल, गोळ्या, चादर, डबा, पाने मागं कोंबले. आईचा फोटो घेऊ का विचारलं. म्हणले, "राहू दे. घरी कुणीतरी पायजे."

बसले. गाडी एवढी बुटकी, गुडघे छातीला लागले. भाभी म्हणली, आण्णा, नवरदेव दिसताय. आण्णा लाजले चक्क.

पहिल्याच झटक्याला चालू झाली. फाटकापर्यंत नेली. तिथं हायवेवर चढायला गाड्या जाऊ द्याव्या लागत्यात म्हणून थांबले, आणि मला ऐकू आलं. टिक टिक टिक. तिसऱ्याला. मी बंद केली.

आण्णा म्हणले, काय झालं?

म्हणलं, "वाजतंय. तुमचं खरं होतं. झाकण काढते, घंटाभराचं काम आहे."

आण्णा म्हणले, "काही वाजत न्हाई मंगल. मी खोटं बोलल्तो. चल."

मी उतरले, झाकण काढलं, गेज घातलं. बराबर. गेजवर विश्वास ठेवू का कानावर? गेज हातातून खाली पडलं. आईला नेलं तेव्हा जीपमध्ये तिच्या शेजारी मी होते. रस्ताभर तिचा हात धरलेला. येताना त्याच जीपमध्ये, त्याच जागेवर मी एकटी. हे मी कुणाला बोलले न्हाई आजपर्यंत. दोन महिने म्हणून राह्यले आण्णा भित्यात, आण्णा भित्यात.

मला भीती वाटून राह्यली. लै.

भाभीला सांगितलं, इंजन गार होऊ दे जरा. पायरीवर बसून हे लिहून राह्यले. इंजन काही गरम झालेलंच न्हाई. आण्णांना म्हणलं, खाली उतरा तोवर, सावलीत बसा. म्हणले, आता उतरलो तर परत बसायचो न्हाई, तुला माहीत आहे. टोपी सरळ करून हायवेकडं बघत बसलेत.

झाकण परत बसवलं. चावी माझ्या मुठीत आहे.

आण्णांनी हॉर्न वाजवला. हॉर्न चालतो हे मला माहीतच नव्हतं.

परत वाजवला.