ट्यूशन वगळून किती होतात?

२९ जून २००३, रविवार

रूपाला बी. फार्मसीला सीट मिळाली. पहिल्याच यादीत. कॉलेज कल्याणच्या पुढे. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. मी गेलो असतो, पण त्या वर्षी पेपर अवघड होते.

चंद्रकलाने लेकीच्या नावाने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच विचारलं, फी किती, भरायची कशी. म्हटलं, ते खातं माझ्याकडे. शहापूर एसटी स्टँडसमोर इतकी वर्षं झेरॉक्स आणि एसटीडी बूथ चालवतोय. तालुक्यातला प्रत्येक फॉर्म माझ्या काचेवर पालथा पडून गेलाय. फी या विषयात माझ्याएवढा माणूस शहापूर ते मुरबाड सापडायचा नाही.

संकल्प: एक रुपया जास्त द्यायचा नाही. फसायचं नाही.

३० जून, सोमवार

कॉलेजचं माहितीपत्रक वाचलं. फीच्या पानावर उत्तम मजकूर आहे. फी कॉलेजच्या खिडकीवर किंवा कॉलेजच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टनेच भरावी. कोणाही मध्यस्थाला रोख रक्कम देऊ नये. पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मोठ्या कागदावर एन्लार्ज करून दुकानात दर्शनी भागात लावला. संध्याकाळपर्यंत लोकांना वाटू लागलं की मजकूर माझाच आहे. मी नाही म्हणालो नाही.

शेजारच्या दुकानातला पंढरी टेलर वाचून गेला. त्याच्या संजूचं नाव त्याच कॉलेजच्या दुसऱ्या यादीत येण्याची आशा आहे. पंढरी म्हणाला, "आमाला यातलं काय कळत नाय रे अनंता. संजूचं पन तूच बघ." म्हटलं, बघतो.

१ जुलै, मंगळवार

फीच्या तक्त्याचा अभ्यास केला. कॉलेजच्या चुका सापडल्या.

ट्यूशन फी. सगळ्यात मोठा आकडा हाच. मुलगी कॉलेजात शिकणार, मग वर ट्यूशन कशाला? रूपाला दहावीला ट्यूशन नव्हती, बारावीला नव्हती. वगळायची.

जिमखाना. रूपा व्यायाम करत नाही. वगळायचा.

डेव्हलपमेंट आणि विद्यापीठाचा हिस्सा त्यांचं त्यांनी बघावं.

कॉशन मनी. शेवटी परत देतात असं खाली छापलंय. जे परतच द्यायचेत ते घ्यायचे कशाला? वगळले.

उरलं लायब्ररी आणि ओळखपत्र. एवढं तर आपण खिशातून भरू. रूपाला समजावलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमान वाटला असावा.

३ जुलै, गुरुवार

कॉलेजात गेलो. रूपा म्हणाली, बाबा, मी लांब उभी राहते. लाजाळू आहे.

खिडकीवरच्या मॅडमना सरळ विचारलं, ट्यूशन वगळून किती होतात? त्यांनी परत विचारायला लावलं. मग आतून आणखी एका मॅडमना बोलावलं आणि त्यांच्यासमोर परत विचारायला लावलं. एवढ्या आपुलकीने आजकाल कोण ऐकतं!

मग त्यांनी सांगितलं. ट्यूशन फी म्हणजे कॉलेजात शिकवतात त्याचीच फी. डेव्हलपमेंट फी इमारत, प्रयोगशाळा यांच्यासाठी. विद्यापीठाचा हिस्सा वेगळा, तो कॉलेज पुढे पाठवतं. कॉशन मनी म्हणजे डिपॉझिट. काचेची नळी फुटली, पुस्तक हरवलं तर त्यातून कापतात, उरलेलं शेवटी पावती दाखवून परत. एकदम जमत नसेल तर प्राचार्यांना अर्ज करायचा, हप्ते बांधून देतात. शेवटची तारीख चौदा. चुकली तर सीट पुढच्याला.

मला हे सगळं माहीत होतं. मॅडम किती पाण्यात आहेत ते बघत होतो. हुशार निघाल्या.

रूपाने सगळं माहितीपत्रकावर उतरवून घेतलं. येताना म्हणाली, बँकेतून डीडी काढू, आईपण तेच म्हणते. पण डीडीला बँक कमिशन घेते. आपलेच पैसे आपणच देणार आणि मधल्या मधे बँकेला द्यायचं? माझ्या स्वभावात नाही.

५ जुलै, शनिवार

आज फार मोठा माणूस दुकानात आला. शाम सर. सफारी, खिशाला दोन पेनं. बूथमध्ये जाऊन दार उघडं ठेवूनच बोलले, "कुलगुरू साहेबांना सांगा, मी शहापुरात आहे." मीटरवर लोकल कॉल पडला. विद्यापीठाला सवलत असणार.

भिंतीवरचा मजकूर वाचून म्हणाले, असे जागरूक नागरिक आहेत म्हणून शिक्षण टिकून आहे. मग हळूच सांगितलं. विद्यापीठाने ग्रामीण भागासाठी सल्लागार नेमलेत. त्यांच्यामार्फत भरली तर फीत पंधरा टक्के सूट. जाहीर करत नाहीत, गर्दी होते. रोखच लागते, कारण सूट चेकवर दाखवता येत नाही. मुरबाडला ऑफिस आहे. कार्ड दिलं.

जाताना कोऱ्या पावतीचा एक कागद देऊन त्याच्या भरपूर झेरॉक्स काढून घेतल्या. मी होलसेलचा भाव लावला. ओळख वाढवलेली बरी.

८ जुलै, मंगळवार

दोन दिवस विचार केला. भिंतीवर लिहिलंय, मध्यस्थाला रोख देऊ नये. पण शाम सर मध्यस्थ नाहीत. सल्लागार आहेत. सल्लागाराबद्दल मजकुरात अक्षर नाही. पुन्हा वाचून खात्री केली.

रूपाच्या नावची एफडी मोडली. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, डीडी करून देऊ का? म्हटलं, रोख. शाम सर दुकानातच आले. घेतले, लगेच पावती फाडली. हिरव्या शाईची सही. पावतीच्या उजव्या कडेला बारीक काळी रेघ आहे, ती माझ्याच झेरॉक्स मशीनच्या ड्रमची. म्हणजे कागदापासून छपाईपर्यंत सगळं आपल्या खात्रीचं.

पंढरीला बोलावून घेतलं. त्याने शिलाईचं नवीन मशीन घ्यायला पैसे साठवले होते. तो कच खात होता. संजूची यादी अजून लागली नाय, म्हणाला. शाम सर म्हणाले, आधी भरणाऱ्याचं नाव यादीत वर सरकतं. पंढरीने माझ्याकडे बघितलं. "तू भरलेस ना? मग झालं," म्हणाला आणि दिले.

एका दिवसात दोन मुलांचं भलं केलं. भिंतीवरच्या मजकुराखाली पेनने लिहिलं: सल्लागार सोडून.

१० जुलै, गुरुवार

घरी आनंदाची बातमी सांगितली. चंद्रकलाने आज भांडी दोनदा घासली.

रूपाने पावती उजेडात धरली. म्हणाली, बाबा, फार्मसीचं स्पेलिंग एफने सुरू होतंय. म्हटलं, सवलतीची पावती आहे, तिथं जास्त अपेक्षा करू नये.

तिने शाम सरांचा मोबाइल लावायला लावला. नॉट रिचेबल. मग आठवलं, सर म्हणाले होते, विद्यापीठाच्या कामाने सिद्धगडला जायचंय. तिथे कसली रेंज! रूपाने विचारलं, विद्यापीठाचं सिद्धगडच्या जंगलात काय काम? वनस्पती, मी म्हणालो. फार्मसी आहे शेवटी.

१२ जुलै, शनिवार

केवळ रूपाच्या समाधानासाठी मुरबाडला गेलो. पंढरी बरोबर. कार्डावर लिहिलं होतं, दुसरा मजला. इमारतीला पहिलाच मजला नाही. बांधायचा बेत असेल.

तळाला कोंबडीखाद्याचं दुकान. मालक आम्हाला बघून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "शाम सर ना? सकाळपासून चौघं येऊन गेले. इथं कोन सर नाय न बिर नाय." मी पंढरीला म्हटलं, बघ, सरांकडे माणसांची किती ये-जा आहे.

पंढरी हसला नाही. परतीच्या जीपमध्ये तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला, मी मागे. मागे जागा होती तरी पुढे बसला. वारा लागतो पुढे.

१४ जुलै, सोमवार

उठलो तर घरात कोणी नाही. शेजारच्या अंबूबाईंनी सांगितलं, मायलेकी पहिल्या गाडीने गेल्या.

दिवसभर दुकानात बसलो. तीन वेळा कोरेच कागद झेरॉक्स करून गिऱ्हाइकाला दिले.

संध्याकाळी आल्या. तेव्हा कळलं. चंद्रकला गेली काही वर्षं हिवाळ्यात तिच्या भावाच्या वावरात भेंडी करते आणि वाशीच्या मार्केटला पाठवते. त्या पैशांना मी भेंडीची चिल्लर म्हणायचो. चिल्लर नव्हती. आम्ही मुरबाडला होतो तेव्हा इकडे तिने बँकेत जाऊन कॉलेजच्या नावाचा डीडी काढला होता. पूर्ण फीचा नाही झाला. रूपाने प्राचार्यांना अर्ज लिहिला, त्यांनी बाकीचे हप्ते बांधून दिले. ॲडमिशन झाली.

रूपाने पावती पुढ्यात ठेवली. नंबर, शिक्का, सही, कशाचे किती ते वेगवेगळं लिहिलेलं. मी नीट तपासली. चूक काढण्यासारखं काही नव्हतं. म्हटलं, बरं केलंत. माझ्याही मनात हेच होतं, एक रस्ता बंद झाला तर दुसरा असावा.

चंद्रकला पाय धूत होती. म्हणाली, "आपलं झालं. आता पंढरीभावजींचं काय करताव?"

मी पावती परत तपासायला घेतली.

१५ जुलै, मंगळवार

पोलीस स्टेशन. पंढरी आणि मी. हवालदारांनी पावत्या समोर ठेवून विचारलं, या छापल्या कुठं? म्हटलं, माझ्याकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे फिर्यादी पन तुमीच आनि छापखाना पन तुमचाच?" मला बाकावर बसवलं. चहा दिला. दुपारी पुन्हा चहा दिला. सोडलं मात्र नाही.

शेवटी पंढरीच पुढे झाला. म्हणाला, "सायेब, यानं मुद्दाम नाय केलं. याला खरंच वाटतं याला समदं कळतं."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच सोडलं. पंढरीने माझी बाजू घेतली म्हणून मला बरं वाटलं. घरी आल्यावर ते वाक्य परत आठवलं. जेवण गेलं नाही.

१९ जुलै, शनिवार

दुसरी यादी लागली. संजूचं नाव आहे. रूपा बघून आली आणि आधी पंढरीच्या दुकानात गेली. मला वाटलं पेढे येतील. आले नाहीत.

थोड्या वेळाने संजूच माझ्याकडे आला, एक कॉल करायला. वाशिंदच्या कंपनीत असलेल्या त्याच्या मामाला विचारत होता, हेल्परची जागा आहे का. मार्क रूपापेक्षा थोडेच कमी. पैसे देऊ लागला तर म्हटलं, राहू दे. त्याने ऐकलं नाही, ठेवून गेला.

मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे, पंढरीच्या मशीनचा आवाज इकडे येतो. आज आला नाही.

२३ जुलै, बुधवार

झेरॉक्सचा धंदा तसाही उतरणीला लागलाय. कॉम्प्युटर येतोय. ड्रमलाही रेघ पडली होती. दूरदृष्टी ठेवून मशीन विकून टाकलं. आसनगावच्या माणसाने नेलं. टेम्पोत चढवायला चौघं लागले, त्यात पंढरीही होता. कशासाठी विकलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मशीन होतं तिथे जमिनीवर एक चौकोन स्वच्छ राहिलाय. गिऱ्हाईक आत येतात आणि त्या चौकोनाकडे बघून परत जातात.

टेम्पो गेल्यावर पंढरीच्या हातात पैसे ठेवले. तो कात्रीच्या टोकाने कापडाच्या चिंध्या बाजूला सारत राहिला. मी म्हटलं, घे रे, संजूचे आहेत. त्याने डोळे पुसले आणि पैसे परत माझ्या हातात दिले. म्हणाला, "रोख नको. बँकेत जा. कालेजच्या नावाचा डीडी काढ. मी येतो संगती."

गेलो. कमिशन भरलं. साहेबांनी डीडीवरचं कॉलेजचं नाव वाचून दाखवलं. पंढरीने संजूला परत वाचायला लावलं. मला कोणी वाचायला सांगितलं नाही.

२८ जुलै, सोमवार

संजूची फी भरायला सगळे गेलो. पाऊस होता. कॉलेजच्या व्हरांड्यात पंढरी म्हणाला, "अनंता, तू भायेर बस." रागाने नाही म्हणाला. चंद्रकला, रूपा, पंढरी, संजू खिडकीच्या रांगेत. मी बाकावर, सगळ्यांच्या छत्र्या मांडीवर घेऊन. पॅन्ट भिजली.

उंबरमाळीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाचा. बंडीच्या आतल्या खिशावर हात दाबून धरलेला. कितीतरी लोक उभे होते, पण ते माझ्याच समोर येऊन थांबले. "दादा, तुमी शिकल्यासारखे दिसताव. ही फी कशी भराची, कुनाकडं द्याची, जरा सांगा ना. पैसे संगती हायेत."

तोंड उघडलं. ट्यूशन, डेव्हलपमेंट, कॉशन मनी, हप्ते, सगळं जिभेवर आलं. पंढरी रांगेतून मान वळवून बघत होता.

"मला नाय माहीत," म्हणालो. "समोर खिडकी आहे. तिथं विचारा. वाटेत कुणाला विचारू नका."

ते मुलीचा हात धरून रांगेत उभे राहिले. मी बाक सोडून अर्धा उठलो होतो, तो परत बसलो.