ताईविरुद्ध एकसष्ट टार्टांची तक्रार

मानेवाडा, नागपूर
ता. २४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वामनराव भाऊजींना कृष्णकांतचा वाकून नमस्कार. नमस्कार सुरुवातीलाच पोटभर करून घेतो, कारण पुढे पत्राचा सूर नमस्काराचा राहील याची खात्री नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मृगाच्या संत्र्यांचा तोडा संपला का? व्यापारी बागेत दोनदा येऊन नुसता चहा पिऊन गेला असं ऐकलं. विहिरीवरच्या मोटरचा आवाज बदललाय म्हणालात, तो बहुतेक बेअरिंगचा असावा. कोणाला हात लावू देऊ नका, मी आलो की पाहतो. येईन की नाही, हे मात्र या पत्राच्या निकालावर आहे.

फोन न करता पत्र का लिहितोय, तर तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ताई शेजारीच बसलेली असते. मी तक्रारीला तोंड फोडण्याआधी ती 'जेवला का गा?' म्हणून विचारते. असं विचारणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार करणं फार अवघड जातं. आणि तक्रार तर तिच्याचबद्दल आहे. म्हणजे तुमच्या सौभाग्यवती रुखमाबाई, माझी सख्खी मोठी बहीण, हिच्याबद्दल. तुम्ही तोड्यामुळे माझ्या एकसष्टीला आला नाहीत, म्हणून तुमच्यापर्यंत तिचीच बाजू पोचली असणार. आता माझी ऐका.

एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. चौतीस वर्षं मी गिअरबॉक्स उघडले आणि बंद केले, आणि बंद केल्यावर हातात कधी एक स्क्रू उरला नाही. असा माणूस घरी बसून काय करेल? आमच्या सौ. पुष्पलताच्या मते त्यानं सकाळी फिरायला जावं आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत येऊ नये. मयुरानं (बापाची कदर घरात या एका मुलीला आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं) दिवाळीला पुण्याहून एक छोटा ओव्हन पाठवला आणि मी टार्ट करायला लागलो. टार्ट म्हणजे तळहातावर मावेल एवढी मैद्याची खुसखुशीत वाटी आणि तिच्यात फळांचा गर. तळायचं काही नाही, सगळं भाजायचं. हे इतकं साधं आहे, तरी आमचे शेजारी नत्थूजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "करंजीचं झाकण लावाचं राहून गेलं वाटते." जन्मभर तलाठ्याची नोकरी केलेला माणूस, त्याला खुसखुशीतपणातलं काय कळणार!

घरात काय वेगळं होतं? मैदा तीन मिलिमीटर जाड लाटायचा, असं व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं आणि स्वतः अंदाजानं लाटला. मी वर्कशॉपातलं व्हर्नियर लावून, जाडी मोजून लाटला, तर पुष्पलता पोट धरून हसली. हसण्यासारखं काय आहे त्यात? गिअरच्या दात्याला जे चालतं ते मैद्याला का चालू नये? दुसऱ्या खेपेला लोण्यात मळलेला गोळा तासभर थंड व्हायला फ्रिजमध्ये ठेवला, तर तिनं तो कालची कणीक समजून पोळ्या लाटायला घेतल्या. पोळी तव्यावर गेली आणि वितळून पसरली. त्यावर मलाच ऐकावं लागलं, "कणकीत कोण इतकं लोणी घालते जी?" म्हणजे गोळा माझा, लोणी माझं, नासधूस तिनं केली आणि आरोपी मी. (त्या दिवशी आम्ही वरणभात खाल्ला. वरण चांगलं झालं होतं, हे मी खोटं का बोलू.)

पण हे सगळं मी पोटात घातलं, कारण मनात एक बेत होता. तो तुम्हाला सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ताई सतराची. तिनं मला भरवून मोठं केलं. पुढे तुमच्याशी लग्न झालं तर मलाही काखोटीला मारून घेऊन आली. (नवरीबरोबर तिचा भाऊपण येईल, हे बैठकीत तुम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही कधी हूं का चूं केलं नाही. ते मी या रागातही विसरलेलो नाही.) सत्तावन्न वर्षं ती मला खाऊ घालतेय आणि मी तिला माझ्या हातचं एकदाही काही दिलं नाही. साधा चहासुद्धा नाही, कारण मी उठलो की ती पातेलं हिसकावून घेते. म्हणून ठरवलं की एकसष्टीला केक नको. वर्षाला एक याप्रमाणे एकसष्ट टार्ट करायचे, संत्री तुमच्याच बागेतली, आणि पहिला टार्ट सगळ्यांसमोर ताईला माझ्या हातानं भरवायचा. त्या दिवसाकडून मला तेवढंच हवं होतं.

ताई आदल्या दिवशी बसनं आली, सोबत संत्र्यांचं खोकं. ओव्हनकडे पाहून म्हणाली, "बाप्या माणसाले हे काय सुचून राह्यलं गा?" मी संत्री मोजायला घेतली. मनात म्हटलं, उद्या खाशील तेव्हा कळेल. सकाळी पाचला उठून कामाला लागलो. व्हिडिओतली कृती सफरचंदाची होती, ती मी संत्र्याला बसवून घेतली. (एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या गाडीला बसवण्यात वर्कशॉपमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता.) फोडी सोलून बियांसकट मिक्सरमधून काढल्या, साखर घालून कढईत दीड तास आटवल्या. काय रंग आला म्हणून सांगू! चाखून मात्र पाहिलं नाही, नैवेद्याचं कोणी आधी चाखतं का? पहिला घास ताईचा, तो मी कसा उष्टा करणार? दुपारी दोनला एकसष्ट टार्ट पितळी परातीत मांडले, वर धुतलेलं फडकं झाकलं आणि दाढी करायला न्हाव्याकडे गेलो. स्वयंपाकघर ताई आणि पुष्पलताच्या हवाली करून गेलो, एवढाच काय तो माझा गुन्हा.

संध्याकाळी साडेसहाला मला पाटावर बसवलं. डोक्यावर टोपी, हातात सुपारी, समोर साठेक माणसं. एकसष्ट दिव्यांनी ओवाळायचं हे आधीच ठरलं होतं आणि कणकेचे दिवे ताई करणार हेही. मयुरानं ट्यूबलाइट बंद केले आणि आतून ताई परात घेऊन आली. एकसष्ट ज्योती! बायका 'अगबाई' म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मग परात जवळ आली आणि मला दिव्यांच्या कडा दिसल्या. काट्यानं दाबून पाडलेल्या, प्रत्येकीला अठरा खाचा. त्या खाचा मी मोजून पाडल्या होत्या, भाऊजी! ते माझे टार्ट होते. प्रत्येकाच्या पोटात, संत्र्याच्या गरात, तुपात भिजवलेली एकेक फुलवात उभी केलेली आणि पेटवलेली!

पाटावर बसलेल्या माणसाला ओवाळणं होईपर्यंत उठता येत नाही, हा नियम ज्यानं केला त्याचे टार्ट कधी जळले नसावेत. मी 'ताई, ताई' म्हणत राहिलो. लोकांना वाटलं, भाऊ गहिवरला. नत्थूजींनी तर रुमाल काढला. ताईनं एकदा ओवाळलं, मग पुष्पलतानं, मग ज्या ज्या बाईचा हात मोकळा होता तिनं. एकसष्ट टार्ट माझ्या तोंडाभोवती फिरून फिरून जळाले आणि मी त्यांच्याच उजेडात बसून होतो.

ट्यूबलाइट परत लागल्यावर मी बोललो. पुष्पलता म्हणते फार बोललो, मी म्हणतो कमीच बोललो. म्हटलं, "ताई, चौऱ्याहत्तर वर्षांची झालीस, दिवा कोणता आणि खायचं काय, एवढं तुला कळू नये?" तर ताई तोंडाला पदर लावून हसली. "मले का मालूम गा, हे खायाची चीज हाय म्हून? खेड्यातली बाई मी. कणकीचे दिवे दिसले, म्या वाती लावल्या. अन् काहून गा, दिव्यात संत्रं टाकत असते का कोणी?" साठ माणसं हसली. जाताना जो तो म्हणत होता की म्हातारी पार भोळी आहे. पण तिच्या भोळेपणानं माझं समाधान कसं व्हावं? शरम नाही, खेद नाही, उलट जेवताना दोन वेळा बासुंदी मागून घेतली!

आणि हे इथेच संपलं असतं तर मी पत्रही लिहिलं नसतं. मयुरानं ओवाळण्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'आत्याची आयडिया, संत्र्याचे दिवे'. शंभर लोकांनी हात जोडले. पुष्पलताच्या भिशीतल्या भावनाताईंनी फोन करून सत्यनारायणासाठी असेच एक्कावन्न दिवे मिळतील का म्हणून विचारलं. मी म्हणालो, बाई, हे खायचे असतात. तर म्हणाल्या, "नाही नाही, आम्हाले जाळासाठीच पायजे." विझलेले दिवे गाईला घालायचे असतात, म्हणून पुष्पलतानं परात चौकातल्या गाईपुढे ठेवली. गाईनं हुंगलं, मान फिरवली आणि बाजूला पडलेली पेपरची रद्दी खाल्ली. काजळीमुळे, दुसरं काय? पण भर चौकात एवढा अपमान माझा वर्कशॉपमध्येही कधी झाला नव्हता.

तेव्हा भाऊजी, न्याय तुम्ही करायचा. ताईनं फोन करावा, स्वतःहून करावा, आणि 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणावेत. 'जेवला का' हे त्यात धरलं जाणार नाही. ज्या ग्रुपवर तिच्या आयडियेला शंभर नमस्कार आले, तिथे ते टार्ट होते आणि कृष्णकांतनं केले होते, असं मयुराकडून लिहून घ्यावं. तोवर मी गावी येणार नाही, संत्र्याला हात लावणार नाही, आणि राखी पौर्णिमेचं काय ते तेव्हा पाहू. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी, पण माझा घासच माझ्यासमोर जाळला गेलाय.

तुमच्या निकालाची वाट पाहणारा मेहुणा,
कृष्णकांत

ता. क. मोटर फार गरम होत असेल तर सलग चालवू नका. एका तासानं बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या. राग वेगळा आणि मोटर वेगळी.

आणखी एक. (ता. २६. ही चिठ्ठी मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहिलीय. वाचली की खिशात घाला.)

भाऊजी, पाकीट बंद करायच्या आधी वाटलं, तुम्ही निदान चाखून तरी निकाल द्यावा. फ्रीजरमध्ये थोडा गर उरला होता, त्याचे सहा टार्ट केले. डब्यात भरताना एक मोडला, तो तोंडात टाकला.

कडू. लहानपणी तापात ताई मला काडेचिराईताचा काढा पाजायची, तो बरा म्हणायचा. बिया वाटल्या, वर दीड तास आटवल्या, दुसरं काय होणार? चूळ भरून पुष्पलताकडे पाहिलं, तर ती मेथी निवडत होती आणि मान वर करेना.

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी मी न्हाव्याकडे गेल्यावर ताईनं कढई घासायला घेतली आणि घासण्याआधी बोटानं गर चाखला. मग हात धुतले आणि फुलवाती कुठे आहेत ते विचारलं. पुष्पलता म्हणाली, मी सांगते त्यांना. तर ताई म्हणाली, "त्याले सांगू नोको वं. साठ माणसायच्या पुढं तोंड उतरन त्याचं. मी येडी ठरली तं चालते."

साठ माणसांत तिला सगळ्यात मोठ्यानं मीच वेडी ठरवलं.

आता खरी विनंती. तुम्ही म्हणाल, मग हे पत्र पाठवतोच कशाला. पाठवतो, कारण मी रागावून पत्र लिहितोय, हे पुष्पलतानं ताईला फोनवर सांगून टाकलंय, आणि ते आलं नाही तर तिला संशय येईल. तिला बारीक अक्षर वाचवत नाही, ती तुमच्याकडूनच वाचून घेईल. मोठं पत्र जसंच्या तसं वाचा, आवाज चढवून वाचा, गाईसकट वाचा. एक शब्द गाळू नका, तुम्ही गाळलेलं तिला लगेच कळतं. ही चिठ्ठी मात्र तिच्या कानावर जाऊ देऊ नका. मला कळलं हे तिला कळलं, तर तिनं त्या दिवशी एवढं हसू झेललं ते फुकट जाईल.

वाचून झालं की ती विचारेल, "अजून राग हाय का जी त्याले?"

लय हाय, म्हणा.