लेबलाची शेवटची ओळ

६ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. कारखान्याच्या खडखडाटाने तुझे कान कामातून गेलेत हे मान्य कर आणि पत्रं लिही. निदान पत्रात तरी तू प्रत्येक वाक्याला चार वेळा काय-काय विचारणार नाहीस.

ह्यांना रक्तदाब निघालाय. काळजीचं काही नाही, पण छापखान्याने आता घरी बसून प्रुफं तपासायला दिली आहेत, आणि तीही पूर्वीच्या निम्मी. तेव्हा हात आखडता घेणं आलं. नेहमीचं दुकान सोडून मी कोपऱ्यावरच्या स्वस्त सुपरमार्केटात जायला लागले आहे. तिथे निम्मा माल दुकानाच्या स्वतःच्या नावाचा. पांढरं पाकीट, त्यावर लाल पट्टी, चित्र नाही की काही नाही. तो माल तुमच्याच कारखान्यात भरतात असं तू मागे म्हणाला होतास. तर त्यातलं काय घ्यावं आणि कशाला हात लावू नये, ते मला नीट लिहून कळव. नोकरी तिथे आहे म्हणून मालकाची बाजू घेऊ नकोस.

एक अडचण आहे. हे स्वस्त पाकिटांना नाक मुरडतात. पाकीट टेबलावर आलं की चष्मा पुसून मागची बाजू वाचायला घेतात. आधी शुद्धलेखनाची चूक, मग आत घातलेल्या रंगाचं नाव, आणि जेवण तिथेच संपतं. परवा जॅमच्या बाटलीवर तीन चुका काढल्या आणि जॅम परत फडताळात गेला. म्हणून मी युक्ती केली आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या जुन्या बरण्या धुऊन ठेवल्यात. बाजारातून आले की सगळं त्यांत ओतते आणि पांढरी पाकिटं फाडून कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घालते. ह्यांना पत्ता नाही. तूही तोंड उघडू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी ताई


१४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती वाचून एकटाच हसत बसलो. खोलीतला सोबती काय झालं म्हणून विचारत होता.

बिस्किटं डोळे मिटून घे. महागडी आणि दुकानाची, दोन्ही एकाच भट्टीतून येतात. दुपारी घंटा वाजते, लेबलाचं रीळ बदलतं, की तीच बिस्किटं गरीब होतात. गोठवलेले वाटाणे घे, ओट्स घे. चहा घेऊ नकोस, त्यात निव्वळ भुकटी असते. चीजच्या चकत्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस, त्या कशाच्या करतात ते करणाऱ्यालाही नक्की सांगता येणार नाही. जॅममध्ये फळ शोधावं लागतं, तेव्हा भाऊजींनी तो परत पाठवला ते बरंच झालं. भांड्यांचा साबण चांगला आहे, पण दुप्पट लागतो.

जॅमच्या बाटलीवर तीन चुका आहेत हे मला तुझ्याकडून कळलं. अकरा वर्षं लेबलांवर आहे मी. माझ्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर मिनिटाला साठ नग जातात. लेबल सरळ आहे का, कोपरा उचललाय का, एवढंच बघायचं. वाकडं दिसलं की उचलून बाजूला टाकायचं. आठ तास डोळ्यांत तेल घालून बघतो, पण अक्षरं म्हणशील तर मला दिसतच नाहीत, नुसती पट्टी दिसते. भाऊजींना हे सांगू नकोस, ते मला घरात घेणार नाहीत.

मुलीकडच्यांनी लग्नासाठी एप्रिलमधला दिवस सुचवला आहे. तुम्ही दोघं हो म्हणालात की मी कळवतो.

राग आणि लोभ दोन्ही असू दे.
तुझा ठोंब्या


२८ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

एप्रिल पक्का करून टाक. हे म्हणतात की ठोंब्याला कोणी पसंत केलंय तोवर उरकून घ्या, नंतर तिचा विचार बदलेल. लग्नपत्रिकेची प्रुफं तपासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

बिस्किटं पसंत पडली. जुन्या डब्यातून काढून दिली, तर म्हणाले की कंपनीने दर्जा राखलाय हो. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

पण बाकी जेवणाचं काही खरं नाही. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलंय. सूप पुढे ठेवलं की दोन चमचे घेतात आणि ताट सरकवतात. पाव, वाटाणे, काहीही दिलं तरी सगळं कागदासारखं लागतं म्हणतात. मनगटावरचं घड्याळ सैल झालंय, त्याच्या पट्ट्याला परवा नवीन भोक पाडलं. मला रोज जेवायची वेळ झाली की धडकी भरते. तुमच्याकडे अशा माणसांसाठी काही निघत असेल तर बघ.

पत्राला उशीर केलास तर लोभ कमी करीन.
तुझी ताई


७ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे की. कमी सोडियमचं मीठ. औषधांच्या दुकानात ज्याची बरणी महाग मिळते तेच, त्याच पिंपातलं, दुकानाच्या पांढऱ्या पाकिटात. पाकिटावर एवढी मोठी अक्षरं आहेत की माझ्यासारख्यालाही दिसली : रक्तदाब असणाऱ्यांसाठी. आमच्या सुपरवायझरची आई तीन वर्षं हेच खाते आणि अजून सुनेला धारेवर धरते.

सोबत चार पाकिटं पाठवतोय. बिनधास्त घाल. भाऊजींना माझं नाव सांगू नकोस, नाहीतर पाकीट मागतील. पण त्यांनी ताट पुसून खाल्लं की मला कळव.

लोभ तुझ्याकडून, मीठ माझ्याकडून.
तुझा ठोंब्या


२ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तोंडात साखर पडो. माणूस जेवायला लागला. औषधांच्या दुकानातली एक रिकामी बरणी शेजारणीकडून आणली, तिच्यात मीठ भरलं आणि डॉक्टरांनी सांगितलंय अशी थाप मारली. पहिल्या दिवशी सूप दोनदा मागितलं. आता बरणी टेबलावरच असते. हे मीठ बाधत नाही म्हटल्यावर वरूनही घेतात. तीन पाकिटं संपत आली. काल जेवता जेवता त्यांनी तुझ्या लग्नात करायच्या भाषणाची चार वाक्यं ऐकवली. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं, मला फार बरं वाटलं.

फक्त पायांत जोर नाही म्हणतात. जिना चढताना दोनदा थांबले. थंडी आहे, वयही आहे. वीस तारखेला डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारीन.

असाच लोभ ठेव. खरंच, फार उपकार झाले.
तुझी ताई


९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तू चौदा दिवस राहिलास, त्यांचे कपडे दिलेस, प्रुफांचे गठ्ठे छापखान्यात पोचवलेस, आणि मी तुझ्याशी धड बोलले नाही. बोलता येत नव्हतं. म्हणून लिहिते.

ह्यांना नुसता रक्तदाब नव्हता. दोन वर्षांपासून मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. त्यांना तुझा स्वभाव माहीत होता. ठोंब्याला कळलं तर लग्नबिग्न सोडून स्वतःचं एक मूत्रपिंड द्यायला दारात उभा राहील, म्हणायचे, आणि त्याला नाही म्हणण्याइतका मी धीट नाही. तुमचा रक्तगट एकच आहे हेही त्यांनी कधीच विचारून ठेवलं होतं. मी गप्प बसले.

वीस तारखेची तपासणी राहूनच गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम वाढलं आणि त्याने हृदय थांबलं. केळी, बटाटे, टोमॅटो मी केव्हाच बंद केले होते. खाण्यात आणखी काय होतं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी काही नाही म्हणून सांगितलं.

तुला हे ठाऊक असावं असं वाटलं. जेवण वेळेवर घे.
तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी आमच्या पट्ट्यावर मिठाची पाळी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एक पाकीट उचलून त्याची मागची बाजू वाचली.

अक्षरं इतकी बारीक की दिव्याखाली जावं लागलं. आत काय आहे, तर अर्ध्याहून जास्त पोटॅशियम क्लोराइड. आणि सगळ्यात खाली, जिथे पाकीट चिकटवतात तिथे, एक ओळ आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ताई, ही ओळ माझ्यासमोरून किती लाख वेळा गेली असेल. सरळ होती, म्हणून मी जाऊ दिली.

मी पट्टा थांबवला. सुपरवायझर धावत आला. त्याला ओळ दाखवली आणि ही मोठी करा म्हणालो. तो म्हणाला की कायद्याला हवी तेवढी ती मोठी आहे, पट्टा चालू कर. मी चालू केला. तेव्हापासून प्रत्येक लेबल वाचत बसतो आणि वाकडी लेबलं निसटून जातात. दोनदा ताकीद मिळाली आहे.

तुला हे सांगावं की पोटात ठेवावं, यात तीन दिवस गेले. भाऊजींना मी मारलं. दुसऱ्या शब्दांत लिहिता येत नाही. मुलीकडच्यांना आता लग्न नको म्हणून कळवणार आहे. तू मला शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस, पण गप्प बसू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.
ठोंब्या


१ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

मला माहीत होतं. डॉक्टरांनी पोटॅशियम म्हटलं त्याच संध्याकाळी मी चौथं पाकीट काढून वाचलं. तू घर आवरत होतास तेव्हा ते माझ्या कपाटात कपड्यांखाली होतं. तुला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मागच्या पत्रात मूत्रपिंडांचं लिहिलं, पोटॅशियमचंही लिहिलं. तू कुठे काम करतोस हे मला ठाऊक होतं. तू जाऊन वाचशील हेही ठाऊक होतं. एकटीला पेलवेना, म्हणून निम्मं तुझ्या अंगावर टाकलं. तू शिव्या मागतोस, पण त्या आधी मलाच द्यायला हव्यात.

तू एकट्याने काही केलेलं नाहीस. तू पाठवलंस. ह्यांनी माझं तोंड बंद केलं. आणि पाकिटं मी फाडली. ह्यांच्या हाती एक जरी पाकीट लागलं असतं तरी पहिल्या घासाआधी त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली असती. जन्मभर तेच काम केलं त्यांनी, आणि मी त्यांना चोरून बरण्या भरत होते. खोटं सांगत नाही, तुझाही राग येतो. पहाटे जाग आली की येतो. मग दिवसभर माझा स्वतःचा येतो.

लग्न मोडू नकोस. ते व्हावं म्हणून हे दोन वर्षं गप्प बसले. त्यांचं तेवढं तरी वाया घालवू नकोस. भाषणाचा कागद त्यांच्या चष्म्याच्या डबीत सापडला. चारच वाक्यं आहेत. ती मी वाचीन.

बरण्या सगळ्या देऊन टाकल्या. आता पांढरी पाकिटं टेबलावर तशीच असतात. जेवायला बसले की मागची बाजू मोठ्याने वाचते. चुका सापडतात, पण ऐकायला कोणी नसतं.

स्वस्त दुकान काही सुटायचं नाही, तेव्हा यादी पाठवत जा. काय घे आणि काय नको एवढंच लिहू नकोस. लेबलावर आहे ते सगळं उतरवून पाठव, शेवटच्या ओळीपर्यंत. मी तपासून परत पाठवीन.

लोभाचं आत्ता काही विचारू नकोस. पत्र मात्र चुकवू नकोस.
तुझी ताई