शंभर अक्षरांत न मावणारा पत्ता

अँटॉप हिल,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

चि. विनीत,

आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. नूपुरचं कॉलेज सुरू झालं, क्वार्टर्सच्या जिन्याला एकदाचा रंग लागला. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, म्हणून कागद घेतला. तुझ्या परळच्या टॉवरचा पत्ता पाकिटावर दीड ओळीत संपला. हल्ली तू दीड ओळीत राहतोस.

शनिवारी मंडळाच्या सभेत मी तुला जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही, असं ठरवून बसले आहे. येत्या रविवारी तुला मंडळातून काढण्याचा ठराव येणार आणि नाक्यावरच्या फळ्यावर तुझं नाव लिहिलं जाणार, हे मला रामदासकाकांनीच सांगितलं. सांगताना त्यांना बरं वाटत होतं. ज्या माणसाला गेल्या वर्षापर्यंत ईमेल उघडायला शेजारच्याला हाक मारावी लागायची, तो आता 'सिस्टीममध्ये गडबड' असं म्हणतो आणि मान हलवतो. समिती तर काय, अकरा माणसं आणि एक मत, तेही काकांचं.

पण तुझ्या कोडबद्दल मला कीव नाही. मंडळाचं डायलिसिस केंद्र, चार यंत्रं, त्यावर पाळी मिळावी म्हणून लोकांनी भरायचा अर्ज. तो ऑनलाइन अर्ज तू बनवायचास, एवढंच काम होतं. नलूमावशींनी मार्चमध्ये अर्ज भरला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'आपली नोंद झाली आहे, पाळी आली की कळवू.' जुलै संपत आला तरी कोणी कळवलं नाही. मावशी आठवड्यातून दोनदा दूरच्या सरकारी रुग्णालयात जात होत्या. आता जवळच होईल या आशेवर त्यांनी मधल्या काही खेपा टाळल्या. मासळीच्या पाटीवर बसणारी बाई, पाय एवढे सुजले की चपलेत जाईनात. शेवटी त्यांची मुलगी गुणवंती केंद्रात येऊन म्हणाली, "आईचा नंबर कितवा तेवढं सांगा." यादीत नावच नव्हतं.

मी तुला विचारलं, तर तू म्हणालास, "सर्व्हर स्लो असेल गं तेव्हा." सर्व्हरला तोंड नाही म्हणून बरं. त्याच्यावर काहीही ढकला.

मग काकांनी मला बसवलं. मी दहा अर्ज भरून पाहिले, दहाच्या दहा नीट नोंदले गेले. कारण पत्त्यात मी लिहीत होते 'दादर'. तूही तपासताना असंच काहीतरी लिहिलं असणार. एररची नोंद पाहिली तर ती कोरी. सहा महिन्यांत एकही एरर नाही. वीस वर्षांत असा निरोगी सर्व्हर मी पाहिला नाही, तिथेच संशय आला. आलेले अर्ज मोजले, दोनशे बारा. डेटाबेसमध्ये उतरलेले एकशे एकोणपन्नास.

शेवटी गुणवंतीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, मार्चमध्ये भरलंत तसंच सांग, मी टाइप करते. ती सांगत गेली, "खोली नंबर सतरा, पहिला माळा, बुधाजी चाळ, हनुमान मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोरची गल्ली, काळाचौकी, मुंबई ३३." हिरवी अक्षरं आली. यादीत नाव नाही. मग कोडमधली, चूक झाली तरी गप्प बसवणारी ओळ मी काढली आणि तोच अर्ज पुन्हा पाठवला. या वेळी सर्व्हर बोलला. पत्ता रकान्यात मावत नाही. मर्यादा शंभर अक्षरं.

शंभर, विनीत. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या माणसाने पत्त्याला शंभर अक्षरं दिली. आपल्याकडे गावाहून पत्र यायचं त्यावर आपला पत्ता कडेने वर चढत जायचा आणि पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच बसायचा, ते तू विसरलास. चाळीतल्या माणसाचा पत्ता म्हणजे रस्ता सांगणं असतं. देऊळ, गिरणी, गल्ली, सगळं सांगितल्याशिवाय पोस्टमन पोचत नाही. तुझ्या टॉवरवाल्यांचे अर्ज सगळे सुखरूप उतरले. गळले ते ज्यांच्यासाठी केंद्र काढलं तेच. त्रेसष्ट जण. त्यांची नावंही कुठे उरली नाहीत.

हेच सगळं मी शनिवारी बोलले. "गाढवाला गोण्या मोजता येतात, याला अक्षरं मोजता आली नाहीत," हेही बोलले. समिती हसली. तू खाली मान घालून म्हणालास, "चूक माझी आहे." आणि चपला हातात घेऊन निघून गेलास. पायात घालायलाही थांबला नाहीस.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, प्यायले नाही.

रकान्याची चूक तुझी. पण ती चूक पहिल्याच दिवशी ओरडली असती. अर्ज भरणाऱ्याला कळलं असतं, तुला कळलं असतं, पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती. तिचं तोंड ज्या ओळीने बंद केलं, ती ओळ कोणाची?

पंचवीस जानेवारीची दुपार आठव. दुसऱ्या दिवशी केंद्राचं उद्घाटन, सत्यनारायण, आमदार येणार. रामदासकाकांनी स्वतःच्या हाताने पहिला अर्ज भरला आणि पडदाभर इंग्रजी अक्षरं आली. तू मला फोन केलास. मागून काका ओरडत होते, "ह्यां लाल लाल काय दिसता? उद्घाटनाक असलां नको हां. लोकांका नाय म्हणाचां नाय, ही आपल्या मंडळाची रीत." तू म्हणालास, "ताई, तू बघतेस का, मला जमत नाहीये." मी ऑफिसात होते. तिथूनच तुझ्या कोडमध्ये शिरले, चार मिनिटांत काहीही बिनसलं तरी हिरवी अक्षरं दाखव अशी ओळ घातली, आणि वर तुला ऐकवलं, "एवढंही जमत नाही का रे तुला?" काय बिनसलं होतं ते वाचलंसुद्धा नाही. म्हटलं, नंतर बघू. काकांचाही पत्ता लांबलचकच आहे. त्या दिवशी पडद्यावर तेच लिहिलेलं असणार.

तू ते विसरलास, किंवा लक्षात ठेवून गप्प बसलास. दुसरं असेल या भीतीने मला नीट जेवण जात नाही.

कोणती ओळ कोणी कधी लिहिली, याचा इतिहास कोडबरोबर राहतो. ती ओळ काढण्याआधी मी तो उघडला. तिथे माझं नाव होतं. हे मी शुक्रवारी पाहिलं. सभा शनिवारी होती.

एक रात्र मला मिळाली होती. त्या रात्रीत मी गाढवाचं वाक्य तयार केलं. ज्युनिअर मुलांना मी ऑफिसात शिकवते की एरर गिळणारा माणूस चोरापेक्षा वाईट. समितीच्या अकरा माणसांना मी वर नावं ठेवली. मी बारावी.

सोमवारी काकांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "अगो, तुझां नाव कित्याक मधी? विनीतान कबूल केल्यान मां? संपलां." तुझं नाव फळ्यावर लिहिलं की त्या त्रेसष्ट जणांबद्दल काही लिहावं लागणार नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच.

काल नलूमावशींकडे गेले. त्या पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी सांगितलं, रकाना माझ्या भावाचा, पण लपवलं मी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, ते तुमी भावाबयनी बघा. माझी पाळी कधी?" उद्या सकाळी सातची, असं मी सांगू शकले, कारण सोमवारी ती लावूनच काकांकडून उठले होते. त्या हसल्या नाहीत. गुणवंतीला म्हणाल्या, "लिवून घे. पडद्यावरचं नको, हिच्या हातचं घे." मी कागदावर वार, वेळ लिहिली आणि खाली सही केली.

बाकी बासष्ट जणांना शोधायला चाळीचाळीतून फिरावं लागेल. रविवारी मी सभेत उभी राहणार आहे आणि ओळ वाचून दाखवणार आहे, तारखेसकट, नावासकट. ठराव करायचाच तर दोन नावांचा करा, म्हणणार आहे. तू आलास तर बोलू नकोस. तुझं कबूल करून झालं आहे. आता फक्त मागे बसून ऐक. आणि नाही आलास तरी मी तेवढंच आणि तसंच बोलेन.

तुझी थोरली बहीण,
सुचित्रा

ता. क. 'ताई' असं मुद्दाम लिहिलं नाही. ते रविवारनंतर तुला वाटलं तर तू म्हण.