शून्य किलोमीटरची नोंद खोटी असल्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
दुर्मीळ व संग्राह्य वाहने विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४.

विषय : वाहन क्र. ६ पुढील "कधीही न चालवलेली" हा शेरा रद्द करून खरा शेरा लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, दि. ९ जानेवारी.
२) आपले उत्तर, दि. ३० जानेवारी : "मीटर शून्य असल्याने व पुरावा जोडलेला नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

महोदय,

१. मी खाली सही करणारा, वय वर्षे चौसष्ट, सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक, आपणास पुन्हा त्रास देत आहे याबद्दल आधीच क्षमा मागतो. मीही एकतीस वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. निकाली काढलेला अर्जदार पुन्हा दारात दिसला की कसे वाटते ते मला ठाऊक आहे. तरी आलो, कारण येत्या २ मार्चला ही मोटारसायकल संग्रहालयात जाणार असून तिच्यापुढे पितळी पाटी बसणार आहे. मजकूर आपल्या दाखल्यावरून घेतला आहे : "नऊंपैकी सहावी. एकमेव न चालवलेली. मालकांनी अठरा वर्षे हिला रस्त्यावर उतरू दिले नाही." खाली माझ्या थोरल्या बंधूंचे नाव आहे. पितळेवर एकदा कोरले की कोरले. तो मजकूर खोटा आहे आणि खोटेपणा माझा आहे.

२. माझे थोरले बंधू (यापुढे "दादा") दातांचे डॉक्टर होते. तीन डॉक्टरांनी हात टेकलेल्या एका शिल्पकाराच्या तोंडात त्यांनी नीट बसणारी कवळी बसवली. हा शिल्पकार पुतळे सोडून मोटारसायकली घडवू लागला होता. नऊ घडवल्या आणि थांबला. त्यातली सहावी त्याने आपणहून दादांना दिली. टाकी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, हेडलाइट टाकीच्या पोटात बसवलेला, आणि सबंध गाडीवर एकही स्क्रू वरून दिसत नाही. बाकीच्या आठ जणांनी आपापल्या गाड्या चालवल्या, आपटल्या, एकाने तर कालव्यात घातली. दादा म्हणाले, आधी हात बसू दे, मग काढू. पुढे म्हणाले, निवृत्त झाल्यावर. तोवर आपल्या नोंदवहीत "न चालवलेली" असे लागले, लांबून माणसे बघायला येऊ लागली, आणि मग तो शेराच गाडीवर स्वार झाला. दादा खालीच राहिले.

३. गाडी घरातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत असे. टायर एका जागी दबून चपटे पडू नयेत म्हणून दर रविवारी चाके पाव फेरा फिरवायची, ही दादांची शिस्त. मीटरची तार पुढच्या चाकाला असल्याने ते चाक या रविवारी पाव फेरा पुढे, तर पुढच्या रविवारी पाव फेरा मागे. महिन्यातून एकदा गाडी डबल स्टँडवर ठेवून पाच मिनिटे इंजिन चालू करायचे. दादा स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत, मी ॲक्सिलरेटर पिळत असे. पाच मिनिटे झाली की ते "बास" म्हणत. स्पोकमधली धूळ ते दात कोरायच्या हत्याराने काढत. सीटवर कोणी बसायचे नाही, दादांनीसुद्धा नाही. अठरा वर्षे या कामात मी त्यांचा मदतनीस होतो. चाक मागे फिरवले की मीटरही मागे जाते, हे घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

४. गेल्या वर्षी ११ जून रोजी दादांची उजवी बाजू गेली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातील डॉक्टरांनी जुन्या तपासण्यांची फाइल मागवली आणि वहिनींनी ती आणायला मला घरी पाठवले. माझी स्कूटर सुरू होईना म्हणून नाइलाजाने दादांची गाडी काढली, असे मी पहिल्या अर्जात लिहिले होते. ते खोटे आहे. स्कूटर दारात उभी होती आणि तिला धाड भरली नव्हती. गुन्हा कबूल करण्याच्या अर्जातही मी थाप मारली, यावरून माणूस किती कोडगा होतो याची आपणास कल्पना यावी. खरे असे की, दादा आता उठत नाहीत, म्हणजे ही कधीच चालणार नाही, असे माझ्या मनात आले. आणि त्याहून खरे असे की मला ती चालवायची होती. भाऊ खाटेवर आडवा पडलेला असताना मला हे सुचले. फाइल शर्टात खोचली आणि गाडी बाहेर काढली. रुग्णालय उजव्या हाताला आहे. मी डावीकडे वळलो.

५. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. टायर दात घासायच्या ब्रशने धुतले. मग स्कूटरवरून फाइल पोहोचवली. तिला एक तास दहा मिनिटे उशीर झाला. स्कूटर सुरू होत नव्हती, असे तिथे सांगितले. डॉक्टर म्हणाले, "काही बिघडलं नाही." वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ती स्कूटर आता विकून टाका." थाप पचावी म्हणून मी धडधाकट स्कूटर गॅरेजमध्ये नेऊन तिचा प्लग बदलून घेतला.

६. गाडीच्या मीटरवर ६.८ आले होते. महोदय, मीटर पळवणारे टॅक्सीवाले आणि पारड्याखाली शिसे चिकटवणारे दुकानदार मी एकतीस वर्षे पकडले. एका म्हाताऱ्या किराणावाल्याने हात जोडले तेव्हा "चूक वजनाची नाही, दानतीची आहे" असे त्याला भर दुकानात सुनावले होते. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते कुंपण मी. चाकाचा परीघ दोन मीटर. सहा पूर्णांक आठ किलोमीटर म्हणजे उलटे चौतीसशे फेरे. इंजिनखाली ठोकळा देऊन पुढचे चाक उचलले आणि १३ जूनपासून रोज दुपारी शंभर फेरे मागे फिरवून टिपणवहीत मांडू लागलो. गाडी पुसायला जातो, असे घरात सांगत असे. चौतीस दिवसांत मीटर शून्यावर आले. ऑगस्टमध्ये आपले तपासनीस नेहमीप्रमाणे आले, तेव्हा मीटर नीट दिसावे म्हणून टॉर्च मीच धरला होता.

७. मधल्या काळात, २३ जूनला संध्याकाळी दादा घरी आले. जिना चढणे शक्य नव्हते, म्हणून त्यांची खाट दवाखान्यात टाकली. गाडीची खोली आणि त्यांची उशी यांच्यामध्ये प्लायवुडचे पार्टिशन होते. दादा दुपारी झोपतात असा माझा समज होता.

८. आता मूळ अपराध लिहितो. गाडी चालवणे हा नव्हे. दादांचे बोलणे जड झाले होते, पण कळत असे. तपासनीस गेले त्या दिवशी त्यांनी मला विचारले, "कशी चालत असेल रे ही?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक." सप्टेंबरमध्ये चाकांच्या खुर्चीत बसून गाडीकडे बघत त्यांनी पुन्हा तेच विचारले. मी फडके पिळायला बाहेर गेलो. तिसऱ्यांदा, जाण्याआधी दोन दिवस, त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि म्हणाले, "सांग ना. कशी चालते?" मी म्हणालो, "दादा, तू बरा हो, मग तूच चालवून बघ." त्यांनी मनगट सोडले. ही गाडी कशी चालते हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो त्यांच्या खाटेला टेकून बसला होता. ५ नोव्हेंबरला दादा गेले. त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही.

९. पुराव्याबाबत. पहिला अर्ज मी वहिनींच्या नकळत केला होता. आपले उत्तर मात्र घरच्या पत्त्यावर आले आणि त्यांनी ते वाचले. पुराव्यासाठी मी टाकीवरच्या पहारेकऱ्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, "गाडी लख्ख आठवते, माणूस नाही आठवत." माझ्या तळहातांवरचे घट्टे दाखवावेत, तर ते एव्हाना गेले आहेत. चार दिवस वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी औषधांच्या डब्यातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ती डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी होती आणि तिच्या मागच्या बाजूला डाव्या हाताने ओढलेल्या वाकड्यातिकड्या तेवीस रेघा होत्या.

१०. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, त्यांना सगळं ऐकू यायचं. रोज दुपारी मोजत बसायचे. मी भांडं वाजवलं तर म्हणायचे, हळू, त्याचा आकडा चुकेल. तुमचं झालं की एक रेघ ओढायचे." चोविसाव्या दिवशी आवाज आला नाही, तेव्हा दादा म्हणाले होते, "आणून ठेवली बरं का त्यानं परत." मी विचारले, मग ते मला बोलले का नाहीत? वहिनी म्हणाल्या, "चालवलीत त्याचं त्यांना काहीच नव्हतं. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते. तीनदा विचारलं ना तुम्हाला?" महोदय, त्या वेळी मी वहिनींसमोर लहान मुलासारखा रडलो, हे नोंदवहीत घेण्याची आवश्यकता नाही.

११. सदर कागद पुरावा म्हणून जोडला आहे. माझ्या टिपणवहीशी तो ताडून पाहावा. ४ जुलै रोजी नर्स आल्यामुळे मी साठ फेऱ्यांवर थांबलो आणि दुसऱ्या दिवशी एकशे चाळीस केले. दादांच्या कागदावर त्या दिवसाची रेघ आखूड असून पुढची लांब आहे. दोन स्वतंत्र नोंदी इतक्या तंतोतंत जुळलेल्या मी सबंध नोकरीत पाहिल्या नाहीत. कागदाच्या तळाशी दादांचे गणितही आहे : "२३०० फेरे, ४.६ कि.मी. म्हणजे शाळेपर्यंत जाऊन आला." पहिले अकरा दिवस ते रुग्णालयात होते, त्यामुळे तेवढे फेरे त्यांच्या गणितात नाहीत. शाळेपाशी चढ सुरू होतो. चढ संपला की टाकीपर्यंत मोकळा उतार आहे. मी शाळेपासूनच वळलो अशी त्यांची समजूत राहिली. तो उतार त्यांच्या हिशेबात आलाच नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

१२. सबब विनंती की,

अ) "कधीही न चालवलेली" हा शेरा रद्द करावा व तसे संग्रहालयास कळवावे. त्यांनी गाडी नाकारल्यास वहिनींची हरकत नाही. संमतिपत्र जोडले आहे.

आ) नंबरप्लेटशिवाय गाडी रस्त्यावर आणणे आणि मीटर मागे फिरवणे याबद्दल मला शिक्षा व्हावी. हे आपल्या खात्याचे काम नसल्यास कोणत्या खिडकीवर जावे ते सांगावे. मी रांगेत उभा राहीन.

इ) शेऱ्याच्या रकान्यात पुढील मजकूर लिहावा : "एकूण ६.८ कि.मी. चालवली. सुरुवातीला हाताला जड लागते. दुसऱ्या गिअरपासून ऐकू लागते. चढाला कुरकुरत नाही. उताराला लागली की आपण काही करावेच लागत नाही, नुसते बसून राहावे. स्टुलावरून ऐकू येतो त्यापेक्षा आवाज खोल आहे. छान चालते."

रकाना लहान असल्यास शेवटचे दोन शब्द लिहिले तरी पुरे. विचारणाऱ्याने तेवढेच विचारले होते.

आपला नम्र, आणि दादांचा अपराधी धाकटा भाऊ,

(सही)
अर्जदार
दिनांक : १४ फेब्रुवारी

सोबत :
१. फेऱ्यांची टिपणवही.
२. तेवीस रेघांचा कागद (मूळ प्रत; पाहून झाल्यावर परत मिळावा).
३. वहिनींचे संमतिपत्र.
४. गाडीची किल्ली. आपणास खात्री करून घ्यायची असल्यास शाळेपाशी वळू नये. चढ संपेपर्यंत जावे.