उजवं पान कोरं

बाई,

तुम्हाला लिहायचं तर सुरुवात कुठून करावी, हे चाळीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "आधी काय दिसलं, तिथून कर." आधी दिसली ती सेफ्टी पिन. तुमच्या पांढऱ्या ब्लाउजच्या उजव्या बाहीला, सैल झालेलं कापड आत दुमडून लावलेली. गणपतीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं होतं. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात आणि हात वर गेला की ती पिन चमकत होती. मी वहीत नोंद केली, 'उजव्या बाहीला पिन, एक.' असं लिहायला तुम्हीच शिकवलं होतं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. संगमेश्वरकडच्या खेड्यातून येऊन रत्नागिरीत होस्टेलला राहायचे, आणि मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं, अशा भाबड्या समजुतीनं तो विषय घेतला होता. ती समजूत तुम्ही पहिल्याच आठवड्यात मोडलीत. बंदराजवळच्या बालवाडीत लहान मुलं एकमेकांशी कशी वागतात याचं तुमचं काम चाललं होतं आणि मदतीला तुम्ही मला घेतलंत. खिडकीखाली दोन पाट, दोघींच्या मांडीवर दोन वह्या. डाव्या पानावर जे दिसलं ते, वेळेसकट. उजव्या पानावर जे वाटलं ते, पण अगदी शेवटी, सगळ्या दिवसांच्या नोंदी पुऱ्या झाल्यावर. तोवर उजवं पान कोरं ठेवायचं. पहिल्या दिवशी मी डावीकडे लिहिलं, 'कोपऱ्यातली मुलगी दुःखी आहे.' तुम्ही वही हातातून काढून घेतलीत. "दुःखी? तिनं सांगितलं तुला?" मी मान खाली घातली. "फ्रॉकचं बटण किती वेळा पिरगाळलं ते लिही. दुःख तू घरून घेऊन आलीयस." पुढे एकदा तीच मुलगी उंबऱ्याला अडखळून पडली. मी धावत जाऊन तिला उचललं, तर तुम्ही शांतपणे माझ्या त्या दिवसाच्या पानावर काट मारलीत. बघणारा मध्ये पडला की बघणं संपलं, म्हणालात. बालवाडी सांभाळणारी बाई दारातून ओरडली, "काय गो बाय, पोर पडली तरी नुसत्या बघतच बसणार काय?" तुम्ही हसलात. मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि तरी अगदी तुमच्यासारखं व्हायचं होतं.

पिन दिसली त्याच दिवशी तुम्ही वर्गाला काम दिलंत. एक माणूस निवडा, त्याला कळू न देता दिवाळीपर्यंत रोज बघा, विचारू नका, मदत करू नका. आज असं काम कोणी मुलांना दिलं तर मीच आधी भांडेन, पण तेव्हा आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही. मी तुम्हालाच निवडलं. शेवटी वही तुमच्या हातात ठेवायची आणि तुमचं तोंड बघायचं, असा बेत होता.

बालवाडीतून कॉलेजकडे येताना आपण पाखाडी चढतो. जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्या, कडेला दगड रचून केलेला बुटका गडगा, पावसानं सगळं हिरवं आणि निसरडं. पहिल्या आठवड्यात तुम्ही बोलत बोलत न थांबता वर जाता. मग फणसापाशी थांबायला लागता, छत्रीचा हात बदलण्याच्या निमित्तानं. 'निमित्तानं' हा शब्द वहीत नाही, तो आत्ता आला. डब्यात तुमच्या आईनं दिलेली दोन घावनं असतात. आधी दोन्ही खाता, मग एक, मग अर्धं, आणि उरलेलं खिडकीतून कावळ्याला टाकता. पिना दोन होतात. मी सगळं टिपते आहे, सुवाच्य अक्षरात, आणि इतक्या बारीक नोंदी वर्गात कोणाच्याच नसणार म्हणून मनातल्या मनात मिरवते आहे. एके दिवशी अर्ध्या वाटेवर तुम्ही गडग्यावर बसता. पदरानं कपाळ पुसता आणि माझ्याकडे बघत राहता.

"काय बघतेस?"

"काही नाही, बाई."

तुम्ही आणखी थोडा वेळ बघता. "बरं. चल मग."

वर पोचल्यावर मी लिहिते, 'गडग्यावर बसल्या, सात मिनिटं.' मी विचारावं असं तुम्हाला वाटत होतं का, बाई? की हेही मी घरूनच आणते आहे?

दिवाळीला मी गावी गेले. परत आले तोवर तुम्हाला मुंबईला हलवलं होतं. पोटातला आजार फार वाढलेला होता म्हणे. आठवड्याभरात कॉलेजच्या ऑफिसात ट्रंककॉल आला, तुम्ही गेल्याचा. दिवस झाल्यावर मी तुमच्या घरी गेले, तेव्हा तुमच्या आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात तुमचा डबा. "रोज रिकामा यायचा गो हा," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, नीट जेवत्ये हो माझी मुलगी. तू सारखी तिच्याबरोबर असायचीस. तुला काहीच नाही दिसलं?"

वही माझ्या पिशवीत होती.

"नाही," मी म्हटलं.

पुढे मी तुमचाच विषय शिकवला, निवृत्त होईपर्यंत. डावं पान, उजवं पान, सगळं तुमचंच. फक्त एवढं सांगायचे की मूल पडलं तर आधी उचला, पान गेलं तर जाऊ दे. मुलं हसायची, त्यात शिकवण्यासारखं काय आहे म्हणून. मी का सांगते आहे ते त्यांना कधी सांगितलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून कागदही वेगळा घेतला नाही. त्याच वहीत, कोऱ्या राहिलेल्या उजव्या पानांवर लिहिते आहे. पण सगळी पानं कोरी नव्हती. गडग्याच्या दिवसासमोरच्या पानावर एक ओळ आहे, खोडलेली. नोंदी पुऱ्या व्हायच्या आत उजवीकडे लिहिलं म्हणून तुम्ही काट माराल, या भीतीनं मी ती त्याच दिवशी खोडली. तेव्हा मी शिसपेन फार दाबून लिहायचे. कागद उजेडात तिरका धरला की अजून वाचता येते. 'बाईंना बरं नाही. विचारायला हवं.'

तुमच्या आईशी मी खोटं बोलले, बाई. मला दिसलं होतं, आणि वाटलंही होतं.